गिळताना घाटी किती वर जाते, हे गळ्यावरच्या सेन्सरने मिलिमीटरमध्ये मोजता येतं का?

सोल्डरगन

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. पक्षाघातानंतर, पार्किन्सन्समध्ये किंवा तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांच्या घाटीची हालचाल बाहेरून मोजायची आहे. क्ष-किरण नको, नाकातून नळी नको, आणि खर्च दोन-तीन हजारांत बसायला हवा.

सध्याची मांडणी अशी: घाटीच्या उंचवट्यावर दुहेरी चिकटपट्टीने एमपीयू-६०५० (प्रवेगमापक आणि जायरो एकत्र असलेला सेन्सर), पुढे ईएसपी-३२ मायक्रोकंट्रोलर, सेकंदाला २०० नमुने. प्रवेग दोनदा इंटिग्रेट करून विस्थापन काढायचं. निरोगी माणसाने ५ मिलि पाणी गिळलं की प्रवेगाच्या आलेखात हालचाल स्वच्छ दिसते. पण मिलिमीटरचा आकडा एकदा ८ येतो, एकदा ६०, एकदा उणे. काल्मन फिल्टर (गोंगाटातून खरा आकडा अंदाजणारं गणित) लावूनही फारसा फरक पडत नाही.

विचारायचं आहे ते असं. चूक गणितात आहे की सेन्सरच चुकीचा निवडलाय? पीझो चकती (वाकली की व्होल्टेज देणारी) किंवा दाबाचा सेन्सर वापरला तर जमेल का? आणि आलेला आकडा बरोबर आहे हे कशाशी ताडून पाहायचं?

---

आवंढा

गणिताकडे नंतर वळू. आधी त्वचेखाली काय हलतं ते पाहा.

गिळताना दोन गोष्टी सरकतात. हनुवटीखालचे स्नायू (मायलोहायॉइड, डायगॅस्ट्रिकचा पुढचा भाग, जेनिओहायॉइड) हायॉइड या घाटीच्या वरच्या हाडाला वर आणि पुढे ओढतात. त्याच वेळी थायरोहायॉइड स्नायू स्वरयंत्राला (घाटी हा त्याचाच पुढचा उंचवटा) हायॉइडच्या जवळ खेचतो. निरोगी प्रौढात स्वरयंत्र साधारण २ सेमीच्या आसपास वर जातं. हायॉइडचं वर आणि पुढे सरकणं प्रत्येकी एक-दीड सेमीच्या घरात असतं, पण अभ्यासागणिक हे आकडे बरेच बदलतात. वर जाण्याने श्वासमार्ग जिभेच्या मुळाखाली जाऊन सुरक्षित होतो. पुढे जाण्याने अन्ननलिकेचं वरचं दार ओढून उघडलं जातं. म्हणजे नुसतं ‘वर किती’ मोजलं तर गोष्टीचा अर्धा भागच हाती लागतो. ज्या रुग्णाच्या घशात घास साचून राहतो, त्याच्यात अनेकदा पुढची ओढ कमी पडलेली असते, आणि ती गळ्यावरून जवळपास दिसतच नाही.

दुसरी अडचण त्वचेची. घाटी त्वचेला चिकटलेली नसते, ती त्वचेखालून सरकते. घाटीवर बोट हलकं टेकवून आवंढा गिळून पाहा: बोट जागेवरच राहतं आणि उंचवटा त्याखालून निघून जातो. तुमची चिकटपट्टी त्वचेवर आहे, त्यामुळे सेन्सर घाटीबरोबर २ सेमी प्रवास करतच नाही. तो थोडा वर सरकतो, थोडा पुढे ढकलला जातो आणि बराचसा कलतो. तुम्हाला जी हालचाल स्वच्छ दिसते ती मुख्यतः या कलण्याची आहे.

म्हणून आधी ठरवा की हवंय काय. गिळण्यांची संख्या आणि वेळ, म्हणजे हालचाल कधी सुरू झाली, कधी टोकाला पोचली, कधी परतली, हे गळ्यावरून चांगलं मिळतं. मिलिमीटर मिळत नाहीत. आणि फक्त संख्या आणि वेळ मिळाली तरी ते कामाचं आहे. जपानमध्ये वापरली जाणारी आवंढा-चाचणी पाहा: बोटांनी घाटी चाचपत ३० सेकंदांत माणूस किती वेळा आवंढा गिळतो ते मोजायचं, तीनपेक्षा कमी आलं तर पुढची तपासणी. इतकं साधं मोजमापही दवाखान्यात वापरलं जातं.

---

ओह्म शांती

आवंढा यांचं बरोबर आहे, आणि सेन्सर घाटीबरोबर पूर्ण हलला असता तरी या मार्गाने मिलिमीटर मिळाले नसते. हिशेब करून पाहा.

प्रवेगमापकात १ मिली-जी एवढा स्थिर दोष राहिला, म्हणजे सुमारे ०.००९८ मी/से², तर दोनदा इंटिग्रेट केल्यावर १ सेकंदात ४.९ मिमी आणि २ सेकंदांत जवळजवळ २० मिमी चूक साचते. एमपीयू-६०५० मध्ये कॅलिब्रेशननंतरही तापमानाने एवढा दोष सहज येतो, आणि हा सेन्सर तर गरम त्वचेवर बसलाय.

त्याहून मोठी चूक गुरुत्वाची. सेन्सर १ अंश कलला आणि ते तुम्ही वजा केलं नाही, तर गुरुत्वाला काटकोनात असलेल्या अक्षावर ०.१७ मी/से² खोटा प्रवेग येतो: एका सेकंदात ८५ मिमी. मानेचा पुढचा भाग उभ्या रेषेपासून २५ अंश कललेला धरला, तर मानेच्या दिशेतल्या अक्षावरही त्याच १ अंशाने ३५ मिमीच्या वर चूक जाते. गिळताना सेन्सर काही अंश कलतोच. तुमचे ६० आणि उणे आकडे इथून आलेत. काल्मन फिल्टरला स्थानाचं दुसरं कुठलंही मोजमाप मिळत नाही, मग तो दुरुस्त करणार कशाच्या आधारावर?

प्रवेगमापक टाकून देऊ नका. कंपनं आणि वेळ यांसाठी तो उत्तम आहे. फक्त जागा बदला: घाटीच्या टोकावर नको, त्याखाली क्रिकॉइड कूर्चेच्या (स्वरयंत्राच्या खालच्या कड्याच्या) पुढ्यात, मध्यरेषेवर. तिथे चपटी जागा मिळते आणि पट्टी कमी उचकटते.

पीझोबद्दल. बाजारातली २७ मिमीची पितळी चकती चालते, पण बहुतेक जण तिला १ मेगाओहमचा रोध लावून थेट एडीसीत (व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागात) घालतात आणि तिथेच फसतात. चकतीची धारकता साधारण २० नॅनोफॅरड. १ मेगाओहमबरोबर कटऑफ (ज्याखालची संथ हालचाल गाळली जाते ती मर्यादा) ८ हर्ट्झ होतो. घाटीची चढ-उतार सेकंदाच्या आतबाहेर चालते, म्हणजे मुख्य हालचाल १-२ हर्ट्झची. ती सगळी गाळली जाते, उरतात ते फक्त झटके. १० मेगाओहमला कटऑफ ०.८ हर्ट्झ, १०० मेगाओहमला ०.०८. १०० मेगाओहम घ्या आणि मधे मॉसफेट इनपुटचा ऑप-अँप बफर म्हणून टाका; सीए३१४० किंवा एलएमसी६४८२ चालेल. एवढ्या रोधावर बोर्डावरचा फ्लक्सचा थरसुद्धा गळती करतो, तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसा. वायर शील्ड केलेली आणि आखूड ठेवा, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलला गिळून टाकेल. ईएसपी-३२ चा स्वतःचा एडीसी दोन्ही टोकांना वाकडा आहे. एडीएस१११५ हा वेगळा एडीसी लावा, सेकंदाला ८६० नमुने देतो, या कामाला पुरे.

दाबाच्या सेन्सरचा दोष असा की त्याला आधीपासून थोडा दाब द्यावा लागतो, आणि तो दाब धरून ठेवला की वाचन हळूहळू सरकत राहतं. गिळण्यांची संख्या मोजायला ठीक, मोजमापाला नाही.

आणि स्थान हवंच असेल, अंदाजे का होईना, तर एका सेन्सरने भागणार नाही, रांग लागेल. परावर्तनाचे इन्फ्रारेड सेन्सर घ्या. क्यूआरई१११३ हा जेमतेम साडेतीन मिमी लांबीचा असतो, म्हणून ५ मिमी अंतरावर आठ सेन्सर उभ्या रांगेत बसतात. रांग त्वचेला चिकटवायची नाही, मानेच्या बाजूंना टेकणाऱ्या कमानीवर अधांतरी धरायची. उंचवटा ज्या सेन्सरसमोर येतो त्याचं वाचन वाढतं. आठही वाचनांचा भारित मध्य काढला की ५ मिमीच्या आतलं स्थान मिळतं. इथे त्वचेखालून सरकणं अडचण राहत नाही, उलट तेच मोजलं जातं. मात्र या सेन्सरची कामाची कक्षा काही मिमीचीच आहे, त्यामुळे माणूस थोडा मागे रेलला तरी खेळ संपला. दाढी, त्वचेचा रंग आणि खिडकीतला उजेड, तिन्हींनी वाचन बदलतं. एलईडी चालू-बंद करून दोन्ही वाचनांतला फरक घ्या, उजेडाचा प्रश्न बराचसा सुटेल. प्रत्येक माणसाला गिळण्याआधीचं वाचन शून्य धरा.

---

शिसेएप्रन

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: व्हिडिओफ्लुरोस्कोपी. रुग्ण बेरियम मिसळलेला घोट गिळतो आणि बाजूने क्ष-किरणांची चित्रफीत घेतली जाते. पण चित्रफीत मिळाली म्हणजे मोजमाप मिळालं असं नाही. पुढच्या गोष्टी आधीच ठरवल्या नाहीत तर नंतर काही करता येत नाही.

चित्रवेग: सेकंदाला ३० पल्स (क्ष-किरणांचे झोत) आणि ३० चौकटी (नोंदलेली चित्रं), दोन्ही. कित्येक यंत्रांवर पोट-आतड्यांच्या तपासणीचा ७.५ किंवा १५ चा प्रोटोकॉल आधीपासून लावलेला असतो. १५ वर दोन चौकटींत ६७ मिलिसेकंद जातात, ७.५ वर १३३. हायॉइड टोकाला क्षणभरच थांबतं, ते निसटतं. आणखी एक फसवा प्रकार: पल्स १५, पण नोंदणी ३० ची. तेव्हा प्रत्येक चित्र दोनदा दिसतं आणि वाटतं की चित्रवेग ३० आहे.

मोजपट्टी: क्ष-किरणांत प्रतिमा मोठी होते, आणि किती मोठी होते ते वस्तू डिटेक्टरपासून किती दूर आहे यावर ठरतं. म्हणून मापाची वस्तू शरीराच्या मध्यरेषेवरच हवी, गालावर किंवा खांद्यावर नाही. १० मिमीची पोलादी गोळी हनुवटीखाली मध्यावर चिकटवा. नाणं वापरणार असाल तर व्हर्नियरने मोजून घ्या, कारण एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या मालिकांत वेगवेगळ्या व्यासाची आहेत. नाणं तिरकं बसलं तर लंबगोल दिसतं. तेव्हा लांब अक्ष धरायचा. गोळीला ही भानगड नाही. मंगळसूत्र, साखळी, कानातलं काढून ठेवायला सांगा, नाहीतर नेमकं हायॉइडवर येऊन बसतं.

मोजणी इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये होते, ते फुकट आहे. मानेच्या चौथ्या मणक्याचा पुढचा खालचा कोपरा हा शून्यबिंदू. तिथून दुसऱ्या मणक्याच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतची रेषा म्हणजे उभा अक्ष. हायॉइडचा पुढचा खालचा कोपरा या अक्षांवर प्रत्येक चौकटीत टिपायचा. मान हलली तरी अक्षही तिच्याबरोबर हलतात, हा यातला फायदा. मग अंतर मिमीत न सांगता त्या दोन मणक्यांमधल्या अंतराच्या टक्क्यांत सांगायचं. समजा मणक्यांतलं अंतर २२० पिक्सेल आणि हायॉइड टोकाला शून्यबिंदूपासून ३३० पिक्सेलवर, तर १५० टक्के. उंच माणसाचं हायॉइड जास्त मिमी सरकतं. टक्के काढले की उंचीचा आणि स्त्री-पुरुष शरीरातला बराचसा फरक निघून जातो.

‘किती सरकलं’ यापेक्षा ‘टोकाला कुठे पोचलं’ हा आकडा जास्त भरवशाचा आहे. सरकणं काढायला सुरुवातीची जागा लागते आणि ती डळमळीत असते. घोट तोंडात धरून ठेवला, जीभ हलवली, बोलायला तोंड उघडलं, की हायॉइड आधीच वर गेलेलं असतं.

एक माणूस मोजतो आणि तोच अहवाल लिहितो, हे प्रकल्पातही चालवू नका. दोघांनी स्वतंत्र मोजायचं, आणि काही चित्रफिती त्याच माणसाने काही दिवसांनी पुन्हा मोजायच्या. यंत्र आणि चित्रफीत यांची तुलना करताना नुसता सहसंबंध दाखवू नका. दोन्हींतला फरक सरासरीविरुद्ध मांडणारा ब्लँड-आल्टमन आलेख काढा. सेन्सर दर वेळी निम्मंच अंतर दाखवत असला तरी सहसंबंध ०.९५ येऊ शकतो.

दोन्ही नोंदींची घड्याळं जुळवण्यासाठी एलईडी लावू नका, फ्लुरोस्कोपीत तो दिसत नाही. प्रवेगमापक असेल तर पोलादी गोळी लावलेल्या काडीने सेन्सरला हलकी टिचकी मारा: चित्रात गोळी दिसते, सेन्सरमध्ये झटका. वेळ जुळवण्यातली चूक एका चौकटीएवढी, म्हणजे ३३ मिलिसेकंद. शिवाय सेन्सरच्या पाठीवर २ मिमीची एक गोळी चिकटवून ठेवा. स्वरयंत्र किती हललं आणि सेन्सर किती हलला, हे मग एकाच चित्रफितीत मोजता येतं. आवंढा यांनी सांगितलेला त्वचेचा मुद्दा आकड्यांत सिद्ध होईल.

---

सोल्डरगन

तिघांचे आभार. इंटिग्रेशनचा नाद सोडतोय. दोन शंका. आमच्या कॉलेजला फ्लुरोस्कोपी नाही आणि फक्त ताडून पाहण्यासाठी मित्रांना क्ष-किरण देणं बरोबर वाटत नाही. त्याऐवजी मोबाईलला जोडायचा अल्ट्रासाऊंड प्रोब विकत घेतला तर? आणि हनुवटीखाली ईएमजी (स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारे इलेक्ट्रोड) लावून काही साधेल का?

---

शिसेएप्रन

निरोगी मित्रांना क्ष-किरण देऊच नका, हे बरोबर. ज्यांची तपासणी डॉक्टरांनी आधीच सांगितली आहे अशा रुग्णांवर, रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या परवानगीने सेन्सर लावा. किरणांचा डोस एका सेकंदानेही वाढवायचा नाही.

अल्ट्रासाऊंडचा प्रोब परस्पर विकत घेऊ नका. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र, खिशात मावणारं असलं तरी, नोंदणी नसलेल्याला विकता येत नाही. गळ्यासाठी वापरतोय हे कारण चालत नाही. नोंदणी असलेल्या विभागात, तिथल्या डॉक्टरांबरोबर काम करा.

तसं जमलं तर पद्धत सोपी आहे. वक्र प्रोब, ३.५ ते ५ मेगाहर्ट्झ, हनुवटीखाली मध्यरेषेवर उभा. खोली ७-८ सेमी. एका बाजूला जबड्याच्या हाडाची काळी सावली, दुसऱ्या बाजूला हायॉइडची. शांत असताना दोन सावल्यांतलं अंतर, गिळताना सर्वांत कमी झालेलं अंतर, आणि कमी झालेला भाग टक्क्यांत. प्रोब दाबून धरला की हायॉइडची वाट अडते आणि आकडा कमी येतो. जेल भरपूर घ्या, हात छातीवर टेकवा, प्रोब नुसता टेकवून ठेवा. कोन जरा तिरका झाला की हायॉइडची सावली निसटते आणि तो घोट वाया. चित्राची रुंदी कमी केली की चित्रवेग वाढतो, ३० च्या वर ठेवा.

---

आवंढा

ईएमजीबद्दल: हनुवटीखाली मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रोड, संदर्भाचा कानामागच्या हाडावर. त्वचा अल्कोहोलने पुसून कोरडी करायची. नमुने सेकंदाला किमान १०००, गाळणी २० ते ५०० हर्ट्झ. यातून स्नायूंनी जोर लावायला कधी सुरुवात केली ते कळतं. हाड किती सरकलं ते नाही. रेडिओथेरपीने स्नायू ताठरलेल्या रुग्णात जोर भरपूर दिसतो आणि हालचाल जवळपास शून्य असते. तोंड उघडणं, जीभ टाळूला लावणं, बोलणं, सगळ्यांत हेच स्नायू काम करतात, त्यामुळे एकट्या ईएमजीवर गिळणं ओळखायला गेलात तर खोट्या नोंदी फार येतील. आजचे मायक्रोव्होल्ट उद्याशी तुलना करू नका, इलेक्ट्रोड अर्धा सेमी सरकला तरी बदलतात. व्यायाम शिकवताना मात्र याचा खरा उपयोग. मेंडेलसन पद्धतीत घाटी वर गेल्यावर दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवायची असते. पडद्यावर रेघ वर टिकलेली दिसली की रुग्णाला ते पटकन जमतं.

खोट्या नोंदी कमी करायच्या तर नाकाशी ऑक्सिजनची साधी दुहेरी नळी आणि ±५०० पास्कलचा दाबाचा सेन्सर जोडा. खरं गिळताना श्वास थांबतोच, साधारण अर्धा ते दीड सेकंद. बोलताना आणि मान हलवताना ही सपाट रेघ येत नाही. पीझो आणि नळी दोन्ही एकाच वेळी ‘हो’ म्हणाले तरच गिळणं मोजा. तोंडाने श्वास घेणाऱ्या रुग्णात आणि ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र) असलेल्यात ही युक्ती चालत नाही.

ओह्म शांती यांच्या कमानीला एक पुरवणी. मानेभोवती पट्टा असेल तर तो इतका सैल हवा की खाली दोन बोटं जातील. घट्ट पट्टा अशक्त माणसाची घाटी खरंच अडवतो, मग तुम्ही पट्ट्याचा परिणाम मोजाल. बायकांमध्ये घाटीचा उंचवटा चपटा, वयस्कर माणसांत स्वरयंत्र खाली उतरलेलं, मानेची गाठ काढलेल्यांत एका बाजूला ओढलेलं. रांगेची उंची ठरवण्याआधी चार बोटांनी चाचपा: तर्जनी हनुवटीच्या मागे, मधलं हायॉइडवर, अनामिका घाटीच्या वरच्या कडेला, करंगळी खालच्या. किरणोपचाराने सोललेल्या त्वचेवर चिकटपट्टी लावायचीच नाही.

घोट ठरावीक ठेवा. सिरिंजने मोजून ५ मिलि, प्रत्येकी तीनदा. मोठ्या घोटाला हालचाल बदलते, आणि एकाच माणसात एका घोटापासून दुसऱ्यात फरक पडतो. ‘आता गिळा’ असं सांगायचं की नाही हेही आधीच ठरवा, कारण सूचनेवर गिळताना घोट तोंडात थांबवला जातो आणि वेळा बदलतात. दाट द्रव द्यायचा असेल तर ‘जरा घट्ट’ असं लिहू नका. १० मिलिच्या सिरिंजमधून १० सेकंद वाहू द्या आणि किती उरलं ते लिहा: १ ते ४ मिलि म्हणजे आयडीडीएसआय या द्रवाच्या दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची पातळी १, ४ ते ८ म्हणजे २, ८ च्या वर पण थेंब पडत असतील तर ३. सिरिंजची शून्य ते १० ची पट्टी ६१.५ मिमी लांब असायला हवी, आणि सगळ्या कंपन्यांची तेवढी नसते. मोजून घ्या.

शेवटचं, आणि यावर तडजोड नाही. रुग्णाच्या तोंडात पाणी घालायचा निर्णय तुमचा नाही, स्पीच थेरपिस्ट आणि डॉक्टरांचा. खोलीत सक्शन (घशातलं पाणी ओढून काढणारं यंत्र) हवं, रुग्ण ताठ बसलेला हवा, सर्किट बॅटरीवर आणि लॅपटॉप चार्जरवरून काढलेला. घाटी छान वर गेली म्हणून पाणी श्वासनलिकेत गेलं नाही असं समजू नका. कित्येकांना पाणी आत गेलं तरी ठसका लागत नाही. तुमच्या पडद्यावर ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ असा शब्द कुठेच दिसू देऊ नका; वेळ आणि संख्या दाखवा, निष्कर्ष तपासणारा काढेल.

---

ओह्म शांती

पट्ट्याचा मुद्दा मान्य. कमान मानेवर न टेकवता डोक्यामागच्या हेडबँडवरून खाली सोडता येईल, पण मग मान वळली की रांग मध्यरेषेवरून सरकते. एमपीयू-६०५० त्याच कमानीवर बसवा: त्याचा जायरो मान हलल्याचं सांगेल, आणि सेकंदाला ५ अंशांहून जास्त वेग दिसला की तो घोट आपोआप बाद. हा उंबरठा निरोगी माणसांवर आधी तपासून मग पक्का करा.